तडजोड कोणाच्या खिशातून?

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याला लागलं की शहर संपता संपता कुंभारीचा माळ येतो. ९ जानेवारी २०१९ला पंतप्रधान नरेंद्र मोदी सोलापुरात आले आणि या माळावरच्या तीस हजार घरांची पायाभरणी त्यांच्या हस्ते झाली. घरं असंघटित कामगारांची. विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, रस्त्यावर माल विकणारे, कचरा वेचणारे. आणि या घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढणारा माणूस मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचा तेव्हाचा सदस्य, नरसय्या आडम. इथं लहानथोर सगळे त्यांना आडम मास्तर म्हणतात. मास्तरांनी त्या वेळी पंतप्रधानांची मोकळेपणाने स्तुती केली. मार्चमध्ये पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं.

तेव्हा अशोक चौकापासून कन्ना चौकापर्यंत जिथं चार माणसं बसतील तिथं हाच विषय. एक म्हणायचा, मास्तरांनी लाल बावटा खाली ठेवला. दुसरा म्हणायचा, उशिरा का होईना, शहाणपण आलं. मला दोन्ही बोलणी लागली. पहिल्याच्या लेखी तत्त्व म्हणजे कोणाच्या शेजारी बसायचं नाही याची यादी. दुसऱ्याच्या लेखी माणूस चाळीस वर्षं लढला तो वेडा आणि एक दिवस गोड बोलला तो शहाणा. पण ती चाळीस वर्षं नसती तर तीस हजार घरं मागण्याची ताकद आली असती कुठून? प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली देशभर सुरू झाली. यात अशा प्रकल्पांना घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळायचा. योजना सगळ्यांसाठीच होती. तिचा एवढा मोठा लाभ एका गरीब शहराच्या कडेला खेचून आणायला हजारो लोकांची यादी, त्यांची कागदपत्रं, त्यांची बचत आणि रस्त्यावर उतरायची त्यांची तयारी लागते. ते काम युनियनने केलं होतं.

शिवाय हे पहिल्यांदा घडत नव्हतं. याच कुंभारीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आधीच उभी होती आणि २००६ साली ती तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आली होती. एकदा काँग्रेसचा पंतप्रधान, एकदा भाजपचा, आणि दोन्ही वेळा मागे लाल बावट्याची युनियन. पुढे १९ जानेवारी २०२४ला रे नगरमधल्या, म्हणजे त्या तीस हजार घरांच्या वसाहतीतल्या, पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या द्यायला मोदी पुन्हा आले. अशा घरात लहानपणी राहायला मिळालं असतं तर, असं म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं.

मला इथं पक्षाचीही बाजू घ्यावीशी वाटते. ज्या पक्षाचं सगळं राजकारण भाजपच्या विचाराविरुद्ध उभं आहे, त्याच्या केंद्रीय समितीतला माणूस निवडणुकीच्या तोंडावर भाजपच्या पंतप्रधानांचं कौतुक करतो आणि पक्ष काहीच बोलत नाही, असं झालं असतं तर त्या पक्षाच्या शब्दाला किंमत काय उरली असती? पक्षाने शिक्षा केली ते बरोबर केलं. मास्तरांनी ती सोसली आणि पक्ष सोडला नाही, तेही बरोबर केलं. शिक्षा करायला शिस्त लागते आणि सोसायला मोठं मन. दोन्ही गोष्टी आपल्या राजकारणात आता फार कमी दिसतात. आज नेत्यावर पक्ष रागावला तर संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या पक्षाचा गमछा घालून उभा असतो आणि त्यालाच तो व्यवहार म्हणतो.

माझी चुलत बहीण कुंभारीला राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. अजून विड्या वळते. दुपारी तिच्याकडं गेलं की मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, तोंड नखानं दुमडायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. बोलताना ती सुपाकडं बघतही नाही. पंचवीस विड्या झाल्या की एक कट्टा. कारखान्यात माल देताना खराब म्हणून किती बाजूला काढतील याचा भरवसा नसतो, म्हणून हजाराच्या वर थोड्या जास्तच वळायच्या. बायका हे सगळं इतक्या सहज करतात की बघणाऱ्याला वाटावं, सोपं आहे. संध्याकाळी ती बोटं उघडून दाखवते तेव्हा कळतं.

मास्तर आणि मोदी या विषयावर मी तिला मोठ्या उत्साहानं छेडलं होतं. ती म्हणाली, "घर मास्तरांचं म्हण, मोदींचं म्हण. हप्ता मी भरते."

या वाक्याशी मी बरेच दिवस घुटमळत राहिलो. राजकारणात मवाळ बरे की जहाल, तडजोड चांगली की ताठपणा, हा वाद आपण नेहमी नेत्यांच्या स्वभावावरून घालतो. हा लवचीक, तो कडवा. हा संधिसाधू, तो निष्ठावान. मला वाटतं हा हिशोब दुसऱ्या बाजूनं मांडायला हवा. तडजोड झाली तर ती कोणाच्या खिशातून झाली? आणि ताठपणा दाखवला तर त्याची किंमत कोणी मोजली? मास्तरांनी व्यासपीठावर जे दिलं ते स्वतःचं दिलं. स्वतःची पक्षातली जागा, स्वतःचं नाव. कामगारांचा एक रुपयाही त्यात गेला नाही, उलट घरं आली. अशा तडजोडीला मी मान देतो. याच्या उलट, मजुरीचा दर कमी करून मालकाशी 'समजूतदारपणे' मिटवून घेणारा पुढारी कितीही गोड बोलला तरी तो दुसऱ्याच्या ताटातलं वाढतोय.

पण माझ्या घरातच या मापाला अडचण आहे, आणि ती अक्काचीच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि काका, म्हणजे अक्काचे वडील, एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. अण्णा काँग्रेसवाले, काका लाल बावट्याचे. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडायला आली. सोलापूरच्या गिरण्या एकेक करून मिटत होत्या. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल तर त्याच्या कितीतरी आधी गेली होती. आमच्या गिरणीच्या व्यवस्थापनाने हिशोबापोटी एक रक्कम देऊ केली. हक्काच्या देण्यापेक्षा ती बरीच कमी होती. अण्णांनी सही केली. काकांनी केली नाही. त्या रात्रीचं भांडण आमच्या वाड्यातल्या सगळ्यांना अजून पाठ आहे. काका म्हणाले, "हक्काच्या पैशावर सूट द्यायला मी काय दुकान काढलंय?" अण्णा म्हणाले, "काय बोलूलालास बे? पोरांच्या फिया कशानं भरणार?"

अण्णांनी मिळालेल्या पैशातून एक हातगाडी घेतली, थोडे बँकेत ठेवले, मला शिकवलं. काका कोर्टात गेले. तारखांवर तारखा. वकिलाची फी नाही देता आली तर काका त्याच्या ऑफिसात बसून टपाल लिहून द्यायचे. शेवटी निकाल लागला आणि अण्णांना मिळालं होतं त्याहून बरीच जास्त रक्कम मिळाली. काका जिंकले. त्यांचं म्हणणं कायद्यानेही खरं ठरलं. मी काकांना फार मानतो, आजही. त्यांच्यासारखी माणसं नसती तर पहिल्यांदा समोर आलेल्या कागदावर सगळ्यांनी अंगठे उठवले असते आणि पुढच्या गिरणीच्या मालकाने आणखी कमी देऊ केले असते.

पण त्या मधल्या वर्षांत घर काकूच्या विड्यांवर चाललं. काकूचे हात पुरेनात तेव्हा अक्काची शाळा सातवीत सुटली आणि तीही सूप घेऊन बसली. मी कॉलेजात गेलो, ती गेली नाही. दोघांत हुशार ती होती. काकांनी आपल्या तत्त्वासाठी स्वतःची झोप दिली, तब्येत दिली, हे खरं. त्यांच्या तत्त्वाचा बाकीचा हप्ता मात्र एका सातवीतल्या मुलीने भरला.

अक्का बापाला दोष देत नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "बापानं केलं ते बरोबरच केलं. फक्त मला एकदा विचारायला पाहिजे होतं."

विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, असं मला राहून राहून वाटतं. तिचा स्वभाव बापाचाच आहे. पण ते वेगळं झालं असतं. त्यात तिचाही वाटा असता, फक्त तिचा भार नसता. तेव्हापासून माझ्या हिशोबात दोन रकाने आहेत. किंमत कोण मोजतंय, आणि त्याला विचारलं का.

मुंबईचा गिरणी संप मी या नजरेनं पुन्हा वाचला. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढारी डॉ. दत्ता सामंत. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला आणि त्याच्याबरोबर गिरणगावही विरलं. आता सगळे सहज म्हणतात, बघा, आडमुठेपणानं काय होतं. पण त्या संपाच्या मागण्यांत पगार आणि बोनसच्या जोडीला १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यालाही विरोध होता. त्या कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनला कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार होता. मुंबईच्या गिरण्यांत तो अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ती युनियन मवाळ, वाटाघाटीची. कामगारांना ती आपली वाटत नव्हती, तरी तीच त्यांच्या नावाने सह्या करू शकत होती. कायद्यानं लादलेला मवाळपणा लोकांना जहालाच्या दारात नेऊन सोडतो, हे मी त्या संपातून शिकलो. सामंतांना कामगारांनीच बोलावलं होतं. सुरुवातीला तर त्यांना नक्कीच विचारलं गेलं होतं. माझ्या मते चुकलं ते पुढे. सहा महिने झाले, वर्ष झालं, घरातली भांडी विकली गेली, माणसं गावाकडं परतली, तेव्हा 'अजून ताणायचं का' हे पुन्हा मोकळेपणाने विचारायची सोय कोणाकडंच राहिली नाही. सरकारकडं नाही, मालकांकडं नाही, नेत्याकडंही नाही.

आता उलटी बाजू. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही, कारण उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे आणि राज्यातल्या मोठ्या धरणांत त्याचं नाव घेतात. भरलं की एकशे सतरा टीएमसी पाणी. त्यातलं काही शंभरावर किलोमीटर लांब नळानं येतं, आणि काही चक्क भीमा नदीत सोडून खालचा औज बंधारा भरून घ्यावा लागत आलाय. वाटेत किती मुरतं, किती उडून जातं, किती उपसलं जातं. पाण्याची पाळी मध्यरात्री असेल तर घरातली बाई मध्यरात्री उठते, पिंपं भरते, सकाळी पुन्हा कामाला जाते. या प्रश्नावर शहरात कोणी जहाल नाही. सगळे पक्ष समंजस आहेत. सगळे मान्य करतात की अडचणी आहेत, टप्प्याटप्प्यानं होईल, थोडा धीर धरा. आणि प्रत्येक निवडणुकीत हाच धीर नव्या शब्दांत मागितला जातो. हा जो मवाळपणा आहे त्याची मला चीड येते. धीर मागणाऱ्यांच्या घरी टँकर येतो. धीर धरणारी बाई वेगळी असते आणि तिला कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून मधला मार्ग हा आपोआप चांगला, असं मी मानत नाही. अन्याय आणि न्याय यांच्या बरोबर मध्ये उभं राहिलं तर निम्मा अन्याय पदरात पडतो.

कुंभारीतल्या त्या दहा हजार घरांच्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचं नाव आहे. तिथं राहणाऱ्या पोरांना त्यांची गोष्ट माहीत असावी असं मला फार वाटतं. गोदावरी गोखले पुण्यात जन्मल्या. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या आजीव महिला सदस्य. म्हणजे सुरुवात मवाळांच्या घरात. तिथून त्या कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या लढ्यात उतरल्या. सरकार आणि जमीनदार त्यांना आग लावणारी बाई समजत. आणि मागत काय होते वारली? वेठबिगार बंद करा, गवत कापायचा ठरलेला दर द्या. मागणी एवढी साधी. याउलट त्यांच्या पहिल्या संस्थेचे संस्थापक गोखले, मवाळांतले मवाळ, शब्द तोलून बोलणारे. त्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. प्रत्येक पोरगं शाळेत. यापेक्षा उलथापालथ करणारी मागणी त्या काळात दुसरी कोणती होती? पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. मला गोखले आणि गोदूताई एकमेकांचे विरोधक वाटत नाहीत. गोखल्यांनी मागितलेली शाळा १९१२ला मिळाली असती तर गोदूताईंना मोठ्या माणसांना अक्षरं शिकवत हिंडावं लागलं नसतं.

आमच्या जिल्ह्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख होऊन गेले. शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ला पहिल्यांदा निवडून आले, अकरा वेळा आमदार झाले, दोनदा पडले, २०२१ साली गेले. त्यांचा पक्ष मार्क्सवाद मानणारा. पक्षाचं धोरण सांगणाऱ्या १९५०च्या दाभाडी प्रबंधात ते लिहूनच ठेवलेलं. तरी १९७८ला ते शरद पवारांच्या पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या, मंत्रिमंडळात मंत्री होते. सांगोल्यासारख्या कोरड्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. नागनाथअण्णा नायकवडी, एके काळी इंग्रजांविरुद्धच्या साताऱ्याच्या प्रतिसरकारात बंदूक हातात घेतलेला माणूस, आणि गणपतराव, दोघं दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत वर्षानुवर्षं आटपाडीला शेतकऱ्यांसमोर बसत. मला त्यातलं बसणं महत्त्वाचं वाटतं. यंदा काय मागायचं, किती ताणायचं, सरकार हे देतंय ते घ्यायचं का, हे ज्याच्या शेताला पाणी नाही त्याच्यासमोर ठरायचं. गणपतरावांनी सरकारं बदलली तरी पक्ष बदलला नाही, आणि पक्ष बदलला नाही म्हणून सरकारशी बोलणं सोडलं नाही. आमदार असून एसटीने हिंडायचे. लोक तेच जास्त सांगतात. मला ते गौण वाटतं. साधेपणा पुष्कळांचा असतो.

याहून फार जुनी एक गोष्ट सोलापुरात सांगतात. बाराव्या शतकात सिद्धरामांनी इथं तळं खोदलं, देवळं उभी केली, गोरगरिबांची लग्नं लावली. संक्रांतीला ज्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेच हे. तळ्याचं काम चालू असताना कल्याणच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या, शरणांतले (बसवण्णांच्या सोबतच्या शिवभक्तांतले) अल्लमप्रभू इथं आले. सगळ्यांत कडक, सगळ्यांत निखळ विचाराचा माणूस. मजुरांना त्यांनी विचारलं, कुठं आहे तुमचा तो दगडमाती करणारा राम? आपल्या गुरूचा असा उल्लेख ऐकून मजूर चिडले आणि अल्लमांवर दगड आले. पुढे सिद्धराम भेटले, वाद झाला. हे सगळं खोदतोस ते कशासाठी, 'मी केलं' हे त्यातून गेलं का, असा अल्लमांचा रोख. सिद्धरामांनी ते ऐकून घेतलं, त्यांच्याबरोबर कल्याणला गेले. तळं मात्र बुजवलं नाही. सोलापूरच्या मधोमध आजही ते आहे. कामात बुडालेल्या माणसाला कोणीतरी येऊन 'कशासाठी' असं विचारावं लागतं, हे मला पटतं. आणि विचारणाऱ्याने दगड स्वतःच्या अंगावर घ्यावे लागतात, हेही.

दगडांचा विषय निघाला म्हणून. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गोळीबार झाला, पोलीस मारले गेले, कोर्ट जळलं, काही दिवस शहर लोकांच्याच ताब्यात होतं. मग १२ मेपासून मार्शल लॉ. गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून १२ जानेवारी १९३१ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचे, विशीतला पोरगा. चार हुतात्मा चौकातून जाताना ती नावं वाचली की माझा हात आजही छातीकडं जातो. त्यांनी किंमत स्वतः मोजली. पूर्ण मोजली.

त्याच चौकातून आता मिरवणुका निघतात. कोणत्या धर्माच्या, कोणत्या पक्षाच्या, हे मी इथं लिहीत नाही, कारण सगळ्यांच्याच. त्यात एखादा नेता ट्रकवर उभा राहून असं काही बोलतो की खालच्या पोरांचं डोकं फिरतं. दगड उडतो. गुन्हा दाखल होतो. दोन वर्षांनी त्यातला एखादा पोरगा भरतीला जातो, धावण्यात पास होतो, लेखीत पास होतो, आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. मी अशा पोरांचे अर्ज लिहून दिलेत. त्यांच्या आया बाहेर बाकावर बसलेल्या असतात. ट्रकवरचा नेता तोवर दुसऱ्या पक्षाशी युती करून मोकळा झालेला असतो. त्याचा जहालपणाही दुसऱ्याच्या खिशातून आणि त्याची तडजोडही. असल्या माणसाला मी हुतात्म्यांच्या चौकात हार घालताना बघतो तेव्हा मला तिथं थांबवत नाही.

येरवड्यात त्या फाशीनंतर वीस महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९३२ला, पुणे करार झाला. इथं माझं माप मला पुरत नाही. स्वतंत्र मतदारसंघ अस्पृश्यांना मिळाले होते, गांधीजींनी उपोषण मांडलं, आणि डॉ. आंबेडकरांवर सगळ्या देशाचं ओझं आलं. गांधींना काही झालं असतं तर गावोगावच्या वस्त्यांवर त्याचा सूड उगवला असता, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी सही केली. प्रांतिक कायदेमंडळातल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण आपला प्रतिनिधी फक्त आपण निवडायचा हा हक्क गेला. पुढे त्यांनी स्वतः त्या करारावर कडक टीका केली. उपोषण ही गांधींची स्वतःची किंमत होती; जीव त्यांचाच पणाला. तरीही तिचा दाब ज्यांच्यावर पडला त्यांनी ती मागितली नव्हती. आत्मक्लेशसुद्धा दुसऱ्याच्या खिशात हात घालू शकतो. माझा एक मित्र याला आंबेडकरांची सर्वांत मोठी मुत्सद्देगिरी म्हणतो. मला ती त्यांच्याकडून हिसकावून घेतलेली तडजोड वाटते आणि ती करताना त्यांनी पोटात काय गिळलं असेल याचा विचार केला की जागा मोजण्यात मन लागत नाही.

सध्या माझ्यापुढचा जिवंत प्रश्न विडीचा आहे. अण्णा विडी ओढायचे. शेवटची वर्षं ते बसून झोपायचे, आडवं झालं की श्वास लागायचा. तंबाखूबद्दल माझ्या मनात काहीही गोंधळ नाही, ती मारते. २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा मला कमीच वाटतो. माझा एक डॉक्टर मित्र रोज तोंडाचे आणि फुप्फुसाचे कॅन्सर बघतो. तो म्हणतो, विडी बंद करा, उद्याच्या उद्या, यात मधलं काही नसतं. तो खरं बोलतो. युनियन म्हणते, हजारो बायकांच्या चुली यावर आहेत, हात लावू नका. तेही खरं.

मी डॉक्टरला अक्काकडं घेऊन गेलो. दोघांची ओळख करून दिली आणि गप्प बसलो. तो बोटांनी तिच्या मनगटाची नाडी बघत बघत खोकल्याची चौकशी करत होता. तंबाखूची धूळ वळणाऱ्यांच्याही छातीत जाते. तिने सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, हे काम बंद झालं तर? अक्का म्हणाली, "होऊ दे. माझ्या पोरीला मी सूप शिकवलेलंच नाही. पण मी आता या वयात दुसरं काय शिकू ते सांगा. फंड कोण देणार, पेन्शन कोण देणार ते सांगा. आणि तारीख ठरवाल तेव्हा मला बोलवा."

परतताना डॉक्टर गाडीत म्हणाला की तारीख लांबली की प्रत्येक महिन्याला माणसं मरतात, ती कोणी मोजायची. त्याला हे पटलेलं नाही. मी म्हणतो, पाच वर्षं घ्या; पन्नाशीपुढच्या बायकांना पेन्शन द्या, त्याखालच्यांना शिवणकाम असो की टॉवेलच्या कारखान्यातलं काम असो, हातात पगार पडेपर्यंत विडीकार्ड, म्हणजे विडी कामगार म्हणून असलेली नोंद, चालू ठेवा, आणि नवीन कार्ड एकही काढू नका. तो म्हणतो, दोन वर्षं. आम्ही अजून त्यावर भांडतोय. पुढच्या वेळी अक्काने तिच्या गल्लीतल्या इतर बायकांनाही बोलावलंय.